घड्याळाखालची जागा

३ मार्च, सोमवार

फळा आला! धुलाई आणि इस्त्रीच्या मधल्या भिंतीवर. पांढरा, गुळगुळीत, बघून डोळे दिपावेत असा. सुनेने स्वतः स्टुलावर चढून ठोकला. आमची नावं एकाखाली एक, आणि पुढे ठिपके चिकटवायची जागा. काम चोख झालं तर हिरवा. बरं झालं तर पिवळा. अडलं, साचलं, तक्रार आली तर लाल. दर सोमवारी सगळ्यांसमोर वाचायचं.

सून लॉन्ड्रीची मॅनेजर झाल्यापासून तिला असलं काहीबाही सुचतं. घरी मी तिची सासू, कामावर ती माझी साहेब. घरी 'आई', तिथे सगळ्यांसारखी 'आजी'. मी काही म्हणत नाही. सासूला लाल ठिपका लावायची सोय किती सुनांच्या नशिबात असते!

वह्यापण वाटल्या. 'आज काय शिकलो ते रोज लिहायचं, म्हणजे एकाचं शहाणपण सगळ्यांना मिळेल.' माझी शाळा चौथीत सुटली, आता ही भरवतेय. मी दोन वह्या उचलल्या. एकीत तिच्यासाठी लिहिलं — 'आज काही शिकले नाही.' दुसरी ही. ही माझी.

मग मीटिंग. मी माझ्या जागेवर, घड्याळाखालच्या खुर्चीत. बाकी सगळे उभे. सुनेने विचारलं, "कोणाला काही म्हणायचंय?" मोठ्या मशीनवरचा खाकऱ्या पुढे आला. घसा साफ केल्याशिवाय त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून तो खाकऱ्या. खाकरला. "ते मोठं मशीन... जरा आवाज..." पुन्हा खाकरला. मी म्हटलं, "आधी स्वतःचा घसा धुऊन घे रे, मग मशीनच्या आवाजाला नावं ठेव!"

काय हसले सगळे! गाडीवाला तर चादरींच्या गठ्ठ्यावर बसलाच. खाकऱ्यापण हसला आणि मागे सरकला. सून पुढच्या विषयावर गेली. मीटिंग अशी हवी. चटकन.

४ मार्च, मंगळवार

गुडघे. बाकी काही नाही.

६ मार्च, गुरुवार

जेवताना सुनेने विचारलं, "आई, फळ्याचं तुम्हाला काय वाटतं?" कुठलीही गोष्ट असो, घरात किंवा तिथे, हा प्रश्न येतोच. नवा साबण घ्यायचा — आई, तुम्हाला काय वाटतं? नातीचे केस कापायचे — आई, तुम्हाला काय वाटतं? मुलगा ताटातून मान वर करत नाही, त्याला काही वाटतच नाही. म्हणून सगळं वाटायचं काम माझ्याकडे. म्हटलं, "फळा चांगला आहे. खरं-खोटं दिसेल."

मग हळूच म्हणाली, "आई, तुमच्या टेबलाचं काम आणखी कोणाला तरी दाखवून ठेवलं पाहिजे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

म्हणजे असं आहे! धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन आलेला प्रत्येक कपडा माझ्या टेबलावरून जातो. उजेडाला धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं. बरा असेल तर गाडीत. फाटका असेल तर शिवणवालीकडे. बघायला सोपं. पण बोटाला काय लागलं की फाटणार आहे, ते सांगून येत नाही. डोळे काय उसने द्यायचे असतात? झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, "मी आजारी पडत नाही." नि उठले. उठताना गुडघा कट्‌कन वाजला. सगळ्यांनी ऐकलं.

१० मार्च, सोमवार

माझा हिरवा! टेबलावर काही साचत नाही माझ्या. खाकऱ्याचा हिरवा, त्याची सगळी धुणी वेळेत उतरतात. गाडीवाल्याचा पिवळा. शिवणवालीचा लाल.

लाल पडणारच. तिच्या मशीनशेजारी दवाखान्याच्या गाऊनचा ढीग तिच्या खांद्याला लागलाय. रुग्णांना घालतात ते, पाठीमागे नाड्या बांधायचे. नाड्या निघालेल्या, कडा उसवलेल्या. ती शिवतेय, शिवतेय, आणि ढीग तिथल्या तिथे. मला ती बाई आवडत नाही, खोटं कशाला बोलू. विचारलं तरी 'हं', हाणलं तरी 'हं'. तोंडात दोरा धरून जन्माला आली असेल.

मीटिंगमध्ये सून म्हणाली, "लाल का पडला, कोणी सांगू शकेल?" सगळे माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत उभे. कामचोर मेले! मीटिंग संपायची वाट बघतात.

१२ मार्च, बुधवार

दवाखान्याने गठ्ठा परत पाठवला. गाडीवाल्याने आणला आणि सांगितलं, तिथली नर्स त्याच्यावर डाफरली. एका म्हाताऱ्याला तपासणीला नेताना वाटेतच त्याच्या गाऊनची नाडी तुटली. म्हाताऱ्याची अब्रू चार लोकांपुढे उघडी. गाडीवाला नक्कल करत होता, पण हसला नाही.

नाडी तुटली म्हणजे शिवणीत खोट. सगळेच म्हणाले, "शिवणवालीकडे टाका." मीपण म्हटलं. गठ्ठा तिच्या ढिगावर गेला. तिने एक नाडी हातात घेतली, उलटीपालटी केली, माझ्याकडे बघितलं.

"काय गं?"

"हं," म्हणाली, नि सुई ओवायला लागली.

१४ मार्च, शुक्रवार

मालक आले होते. बूट असे की ओल्या फरशीवर पाय टाकायला नको वाटावं, तरी टाकत होते. फळ्यासमोर उभे राहिले. "छान! आता सगळं स्वच्छ दिसतंय," सुनेला म्हणाले. "दवाखाना दर पाडायला बसलाय. महिनाअखेर एक माणूस कमी करा. कोण ते फळाच सांगेल."

सून कागदासारखी पांढरी झाली. फळा तिने या कामासाठी लावला नव्हता, एवढं मलाही कळतं. कुठे अडतंय ते दिसावं म्हणून लावला होता. पण विळा घरात आणला की कोण काय कापेल, त्याचा नेम नसतो.

घरी आल्यावर तिला जेवण गेलं नाही. "आई, शिवणवालीच्या घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली. मिळवती ती एकटीच. तुम्हाला काय वाटतं?"

मी दमले होते. पाय सुजलेले. म्हटलं, "लाल कोणाचा ते फळ्यावर आहे. मला काय विचारतेस?"

तिने मान हलवली. ठरलं.

१५ मार्च, शनिवार

शिवणवालीला कोणीतरी सांगितलं वाटतं. आज ढीग होता त्याहून मोठा दिसत होता, आणि ती त्याच्या मागे दिसतच नव्हती. नुसता मशीनचा आवाज.

१७ मार्च, सोमवार

पुन्हा तिचाच लाल. माझा हिरवा.

सुनेने आज जरा आवाज चढवला. "इतके गाऊन का फाटतायत? आधी असे फाटत नव्हते. कोणाला तरी काहीतरी माहीत असेलच ना?" शांतता. पुन्हा सगळ्यांची नजर घड्याळावर. मी वैतागले. म्हटलं, "अरे, माहीत असेल तर बोला, नाहीतर कामाला लागा. इथे काय कोणाचं लग्न लागतंय ताटकळत उभं राहायला?" हसले. पांगले.

आणि मग पाच मिनिटांत नळापाशी हीच तोंडं भराभरा चालू! मी पाणी प्यायला गेले तशी बंद. म्हणजे बोलायला येतं यांना.

वहीत सुनेने विचारलंय, 'आजी, रोज एकच वाक्य का?' त्याखाली लिहिलं — 'आज काही शिकले नाही.'

१९ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहू की नको.

गाडीवाला गठ्ठे चढवत होता. मी म्हटलं, "काय रे, मीटिंगमध्ये सगळे घड्याळाकडे काय बघत असता? एवढी घाई कसली?"

तो थांबला. "कुठलं घड्याळ?"

"माझ्या डोक्यावरचं!"

"आजी, ते घड्याळ बंद आहे. तुम्ही त्याच्याखाली बसता, तुम्हाला कसं दिसणार? आम्ही बंद पडलेल्या घड्याळाकडे कशाला बघू?"

"मग?"

"तुमच्या भुवयांकडे बघतो." हसत हसत बोलला, पण गठ्ठा खाली ठेवून बोलला. "वर गेल्या की गप्प बसायचं. खाली असल्या तर एखादा शब्द टाकून बघायचा. मॅनेजरबाईपण आधी तिथेच बघतात. मी आपला गाडीवर असतो, बाहेरचा माणूस, म्हणून बोललो. राग मानू नका. त्या दिवशी खाकऱ्या बोलायला उठला, त्याचं काय झालं? अजून पोरं त्याला 'घसा धुतला का' विचारतात. आता तो कशाला बोलतोय!"

मी म्हटलं, "गाडी काढ, उशीर होतोय."

परत जाताना त्या घड्याळाकडे वर बघितलं. काटे पावणेचारावर. काचेच्या आत कोळ्याचं जाळं. किती महिने मी त्याच्याखाली बसून लोकांना घाईचा बोल लावला असेल.

२० मार्च, गुरुवार

खाकऱ्याला गाठलं. मशीन चालू होतं. "त्या दिवशी आवाजाचं काय म्हणत होतास?"

खाकरला. "काही नाही आजी."

"अरे सांग की!"

"काही नाही. चालू आहे ना सगळं." आणि कपडे काढायला लागला. मी उभी राहिले, राहिले, मग निघाले. माझ्या तोंडावर तो काही सांगणार नाही. सांगेल कसा? मीच त्याच्या तोंडाला बूच मारलंय, आता ते काढायला मीच पुढे झाले तर निघेल का!

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "सोमवारी माझे गुडघे दुखणार आहेत. मीटिंगला येणार नाही."

"सोमवारी? आज गुरुवार आहे आई."

"आधीच सांगून ठेवते."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी भुवया जागच्या हलू दिल्या नाहीत. अवघड असतं ते!

नातीने मध्येच डोकावून म्हटलं, "आजी, तुझं अक्षर म्हणजे मुंग्या पळाल्यासारखं." वही मिटली.

२४ मार्च, सोमवार

मी टेबलावरच थांबले. मीटिंग पत्र्याच्या आडोशापलीकडे. आधी काहीच नाही. मग सुनेचा आवाज. मग खाकऱ्याचं खाकरणं, आणि त्याच्यामागून तो बोलतच सुटला! एवढे शब्द त्याच्या पोटात होते? मग इस्त्रीवाल्या दोघी एकदम. मग कोणीतरी हसलं. मी नसताना हसतात हे लोक. चांगलंच खळखळून हसतात.

थोड्या वेळाने मोठं मशीन थांबलं. भर सकाळी, कामाच्या वेळी. इतकी शांतता झाली की माझ्या टेबलावरच्या दिव्याची गुणगुण ऐकू आली.

सुनेने नंतर सांगितलं. आतल्या पिंपाचा पत्रा जोडावर उचकटलाय. नखाएवढा. प्रत्येक फेरीला नाड्या आणि कडा त्यात अडकून ओढल्या जातात. खाकऱ्याला टकटक ऐकू यायची. पण मशीन उघडायचं तर धुणी अडणार, धुणी अडली की त्याचा लाल. "थांबवलं तर मला लाल, चालवलं तर शिवणवालीला," असं म्हणाला म्हणे. आणि मग तो रडला. एवढा बाप्या!

आणि संन्याशाला फाशी द्यायला आम्ही निघालो होतो. चोर पिंपात होता.

फळ्यावरची नावं सुनेने पुसून टाकली. आता ठिपका माणसाला नाही, कामाला. 'लाल लावला की शिक्षा नाही. लाल लावणाऱ्याचं सगळ्यांनी ऐकायचं.' खाकऱ्याने लगेच एक मशीनला चिकटवला.

माझ्या खुर्चीवर कोणीतरी चादरी ठेवल्यात.

२६ मार्च, बुधवार

मशीन उघडंच आहे, कारागीर बसलाय आत पाय घालून. छोट्या मशीनवर थोडंथोडं धुतात. शिवणवालीचा ढीग ओसरला. सून तिला घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "आजी, हिला दाखवा." 'दाखवाल का' नाही. 'दाखवा.'

दाखवलं. काय करते. "हे बघ, उजेड पाठीमागून घ्यायचा. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, बोटावर ठेवायचा. कडेला बोट अडखळलं की थांब." — "हं." — "चादर चार कोपऱ्यांत बघायची, मधे काही होत नाही." — "हं." मी म्हटलं, "अगं बाई, 'हं'ला काही पर्याय आहे का तुझ्याकडे?" हसली. दात छान आहेत. इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

मग ती बघू लागली नि मी बसले. मशीन थांबण्याआधीच्या धुण्यातला, गाडीसाठी मी बांधून ठेवलेला गठ्ठा तिने सोडला. मला वाटलं सरावासाठी. एक गाऊन काढला, बाजूला ठेवला. मग आणखी एक. मग आणखी.

"ते चांगले आहेत. माझे बघून झालेत," मी म्हटलं.

तिने एक नाडी माझ्या हातात दिली. बोट फिरवलं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. तिने नाडी हलकेच ओढली, आणि ती सुटून आली. दोन धाग्यांवर लटकत होती.

"माझा टाका दुहेरी असतो, आजी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "दवाखान्यातून परत आलेल्यांत माझा टाका एकावरही नव्हता. ते माझ्याकडे आलेच नव्हते."

म्हणजे ते माझ्या टेबलावरून गेले होते. चांगल्यांत. माझ्या हिरव्या ठिपक्याखालून.

"त्या दिवशी का नाही बोललीस?"

तिने माझ्या कपाळाकडे बघितलं फक्त.

बोटांची कातडी कधी अशी झाली? साबणाने, वाफेने, वयाने. बोट फिरतं, पण बोटाला कळत नाही. डोळ्यांना कमी दिसतं, तेही मी कोणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःलाही नव्हतं सांगितलं. त्या म्हाताऱ्याची अब्रू माझ्या हातून उघडी पडली, आणि लाल कोणाला, तर तिला.

सुनेच्या वहीत आज लिहिलं — 'कपडा दोघींनी बघावा.' बास. तेवढंच लिहिलं.

२७ मार्च, गुरुवार

दिवसभर तिला शिकवलं. सगळं. जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं तेपण — अभ्र्याची शिवण कुठे आधी जाते, ब्लीच जास्त झालं की कापूस कसा चुरचुरतो, कुठल्या इस्त्रीवालीच्या घड्या उलगडून बघायच्या आणि कुठलीच्या नाही. सांगता सांगता घसा बसला. खाकरावं लागलं. पलीकडून खाकऱ्या ओरडला, "आजी, घसा धुऊन घ्या!"

सगळे हसले. मीपण. मेला, किती दिवस वाट बघत होता!

२८ मार्च, शुक्रवार

मालक पुन्हा. मशीनचं ऐकून मान डोलावली, शाबासकी दिली, आणि म्हणाले, "पण माणूस कमी करायचाच. दुरुस्तीचा खर्च आला तो वेगळाच. आज संध्याकाळपर्यंत नाव द्या." आता फळ्यावर नावच नाही, तर फळा सांगणार काय? सून ऑफिसमध्ये दार लावून बसली.

जेवताना मी वाट बघत राहिले. आता विचारेल. भाजी वाढली, विचारलं नाही. पाणी दिलं, विचारलं नाही. मी भुवयासुद्धा खाली ठेवल्या. नातीला अभ्यासावरून दोन शब्द बोलली, मुलाला म्हणाली मान वर करून जेव. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, पाय शेकून झोपा."

ती लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. 'तुम्हाला काय वाटतं' नाही.

तिने कोणाचं नाव दिलं असेल? शिवणवालीचं? आता ती माझ्या टेबलावर बसायला तयार झालीय. खाकऱ्याचं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिने विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची हिंमत होईना मला. बोलायला घाबरणं म्हणजे काय असतं ते आज कळलं. बरं नसतं.

३० मार्च, रविवार

ठरवलं. उद्या मीच बोलणार.

३१ मार्च, सोमवार

मीटिंगला गेले. घड्याळाखाली नाही, दारापाशी उभी राहिले, गुडघे दुखत होते तरी. सगळ्यांना बोलू दिलं. शेवटी माझी पाळी आली. म्हटलं, "कमी करायचं ते माझं नाव दे. टेबल शिवणवालीला दे."

सुनेने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. भुवयांकडे नाही.

"आजी, ते मी शुक्रवारीच दिलं."

मला न विचारता!